धर्मसक्तीनिषेध, कुराणातील

कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्यातील (अल्-बकरा) २५६ व्या आयतीत सांगितलेले तत्त्व. सन्मार्ग व कुमार्ग यांतील भेद उघड झाल्याने धर्माच्या बाबतीत सक्तीला स्थान नाही, असा या आयतीचा आशय. श्रद्धा नाकारणाऱ्यांविषयीच्या इस्लामी विचारात तिला मध्यवर्ती स्थान असून तिच्या व्याप्तीबाबत भाष्यकारांत प्रारंभापासून मतभेद आढळतात.

इस्लामपूर्व मदीनेत ज्या स्त्रियांची मुले जगत नसत, त्या मूल जगल्यास त्याला ज्यू म्हणून वाढविण्याचा नवस करीत. बनू नदीर या ज्यू टोळीला ६२५ मध्ये मदीनेबाहेर घालविण्यात आले, तेव्हा तिच्यात अशी मुलेही होती. त्यांना बळाने रोखण्याची आप्तांची इच्छा या आयतीने अमान्य केली, अशी परंपरा इब्न अब्बासच्या नावे सांगितली जाते. अल्-तबरी (८३९–९२३) याच्या मते ही आयत निरस्त (मन्सूख) झालेली नाही. तथापि ज्यांच्याकडून जिझिया घेता येतो, त्या ज्यू, ख्रिस्ती व मजूस यांच्यापुरतीच ती लागू आहे. इतर काहींनी नवव्या सूऱ्यातील युद्धविषयक आयतींनी ती निरस्त झाल्याचे मानले. फख्रुद्दीन राझीच्या भाष्यातील मुअतझिली वळणाचे विवरण अधिक मूलगामी आहे : इहलोक ही माणसाची परीक्षा असल्याने सक्ती केल्यास परीक्षेलाच अर्थ उरत नाही. दहाव्या सूऱ्यातील ९९ वी आयत या अर्थाला पोषक आहे.

धर्मत्याग्याला मात्र धर्मशास्त्रज्ञांनी हा न्याय लावला नाही. कुराणात धर्मत्यागाबद्दल पारलौकिक शिक्षेचाच निर्देश आहे. तरीही हदीसच्या आधारे चारही सुन्नी संप्रदायांनी धर्मत्यागी पुरुषाला देहदंड विहित केला. हनफी संप्रदायात स्त्रीला कारावास सांगितला आहे. प्रवेशास सक्ती नाही, पण निर्गमनास मोकळीकही नाही, ही विसंगती विसाव्या शतकात तीव्रतेने जाणवू लागली. ईजिप्तमधील महमूद शल्तूत (१८९३–१९६३) यांनी केवळ अश्रद्धा हे देहदंडाचे कारण ठरत नाही, असे प्रतिपादिले. पाकिस्तानचे माजी सरन्यायाधीश एस्. ए. रहमान यांनी १९७२ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहून या शिक्षेस कुराणात आधार नसल्याचे दाखविले. मौदूदी (१९०३–७९) यांनी मात्र तिचे समर्थनच केले होते.

सूदानी विचारवंत महमूद मुहंमद ताहा यांनी निरसनाचा परंपरागत क्रम उलटविला. मक्काकालीन सहिष्णू आयतीच चिरंतन असून मदीनेतील युद्धविषयक आदेश तत्कालीन होत, हे त्यांचे मत. १८ जानेवारी १९८५ रोजी खार्टूम येथे धर्मत्यागी ठरवून त्यांना फाशी देण्यात आले. धर्मत्यागास देहदंड देणारे कलम सूदानने २०२० मध्ये रद्द केले.