महार पलटणीचे परमवीर
कोरेगावचा स्तंभ आमच्या मुलांनाही ठाऊक आहे. पण महार रेजिमेंटचे एकमेव परमवीर चक्र कोणाचे, असे विचारले की मोठी माणसेही गप्प होतात. ते ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचे. जन्म मुंबईचा, १९४६ सालचा.

२५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री श्रीलंकेत शोधमोहीम आटोपून ते जवानांसह परतत होते. दबा धरून बसलेल्या अतिरेक्यांनी गोळीबार सुरू केला. मेजरसाहेबांनी न डगमगता त्यांना पाठीमागून घेरले. हातघाईत एकाने त्यांच्या छातीत गोळी झाडली. साहेबांनी त्याचीच रायफल हिसकावून त्याला जागीच ठार केले! छातीत गोळी घेऊन माणूस काय करील, असे आम्हाला वाटते. ते तर प्राण जाईपर्यंत जवानांना हुकूम देत राहिले. पाच अतिरेकी मारले गेले. परमवीर चक्र मरणोत्तर मिळाले.