ग्राफिक्स कार्डाचा उन्हाळा

एप्रिलच्या उत्तरार्धात नाशिकचा पारा चाळिशीला टेकू लागला म्हणजे, हिवाळाभर ज्याच्याविषयी चकार शब्द काढण्याचे कारण पडले नव्हते तोच घरातील गेमिंगचा संगणक एकाएकी त्रास देऊ लागतो; पंखे घोंघावतात, पडद्यावरील चित्र अडखळते, आणि परीक्षा आटोपून सुटी उपभोगू पाहणारा मुलगा ग्राफिक्स कार्ड बिघडल्याची तक्रार वडिलांकडे गुदरतो. नव्या कार्डासाठी पैशांची तजवीज करण्यापूर्वी थोडा तपास करणे अगत्याचे आहे. कारण पुष्कळदा दोष कार्डाचा नसून, ते ज्या पेटीत आणि ज्या खोलीत बसविले आहे तेथील हवेच्या वाटेचा असतो.

कार्ड जेवढी वीज घेते ती जवळजवळ सर्व अखेरीस उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, आणि ही मागणी वाढतच आली आहे: २०१६ चे एनव्हिडियाचे जीटीएक्स १०६० हे कार्ड १२० वॅटवर चाले, २०२१ चे आरटीएक्स ३०६० १७० वॅट घेते, तर २०२२ च्या आरटीएक्स ४०९० ची मजल ४५० वॅटपर्यंत गेली. पंखा ही उष्णता नष्ट करीत नाही, केवळ दुसरीकडे नेतो. सबब भार आणि पंख्यांची गती तीच राहिली तर कार्ड भोवतालच्या हवेहून ठरावीक अंशांनी वरच राहणार. हा फरक पन्नास अंशांचा धरला, तर पौषात वीस अंशांच्या खोलीत सत्तरीवर राहणारे कार्ड मे महिन्यात चाळीस अंशांच्या खोलीत नव्वदीला भिडते. आणि आरटीएक्स ३०६० ची जाहीर कमाल मर्यादा ९३ अंशांची असल्याने ते स्वसंरक्षणार्थ आपला वेग आपणच कमी करते. खेळ अडखळतो तो यामुळे.

ज्यांनी लासलगावकडील कांद्याची चाळ पाहिली आहे त्यांना या पेटीतील हवेचे शास्त्र निराळे शिकवावे लागणार नाही. तेथे तळ जमिनीपासून उचललेला असतो, बाजूंना फटी राखलेल्या असतात आणि राशीची रुंदी बेताची ठेवतात, कारण कोंडलेली ऊब मधला माल सडविते हे शेतकऱ्याला पिढीजात ठाऊक आहे. कॅबिनेटातही समोरून व खालून गार हवा यावी, मागून व वरून तापलेली जावी. परंतु हल्ली समोर अखंड काच लावलेली शोभेची कॅबिनेटे घेतली जातात, आणि घरी ती प्लायवुडच्या टेबलाच्या बंद कप्प्यात भिंतीला पाठ लावून ठेवली जातात. मग पंखे तीच तापलेली हवा पुनःपुन्हा घुसळीत राहतात. शोभेसाठी यंत्राचा श्वास कोंडणारी ही पद्धत मला मुळीच मान्य नाही. पुण्याच्या सी-डॅकमधील ‘परम सिद्धी-एआय’ हा, नोव्हेंबर २०२० मध्ये जगाच्या यादीत ६३ वा ठरलेला महासंगणक एनव्हिडियाच्याच ए१०० चिपांवर चालतो. अशा ठिकाणी थंडाव्याचा बंदोबस्त आधी होतो, घरी मात्र तो सर्वांत शेवटी आठवतो.

तपासाची रीत सोपी आहे. एकच खेळ वीस मिनिटे चालवून तापमान टिपावे, नंतर कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून पुन्हा तेवढाच वेळ चालवावा. आकडा सात-आठ अंशांनी उतरला तर हवेची वाट अडली आहे, आणि जागचा हलला नाही तर दोष कार्डाच्याच अंगी असण्याचा संभव अधिक. मग वीजपुरवठा तोडून कार्ड उतरवावे आणि पंख्याच्या पात्यांमधून विजेरीच्या उजेडात खाली पाहावे: ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांच्या तोंडाशी केस, कापसाचे तंतू आणि बांधकामांवरून उडून आलेली बारीक माती मिळून करडा, जाडसर पापुद्रा बसलेला आढळतो. मऊ ब्रश व ब्लोअरने तो काढताना पाती बोटाने धरून ठेवावीत, एरवी ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग दुखावते.

एवढ्याने न भागल्यास चिपचा विद्युतदाब उतरविण्याचा उपाय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. चिपच्या कामाचा वीजखर्च दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, दाब दहा टक्के कमी केला तर वेग तोच राहूनही त्या खर्चाचा जवळजवळ पाचवा हिस्सा वाचतो. एमएसआय आफ्टरबर्नर या विनामूल्य प्रोग्रॅमने हे साधते. ज्यांना एवढे धाडस नको त्यांनी पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणावी. सूर्यास्तानंतर खिडकी उघडावी. पाण्याचा कूलर मात्र कॅबिनेटावर रोखू नये.

थर्मल पेस्ट बदलण्यासाठी कार्ड उघडणे हा अखेरचा मार्ग. वॉरंटीची मुदत शिल्लक असेल तर तिच्या अटी आधी वाचाव्यात, आणि मेमरीवरील थर्मल पॅड बदलायचेच झाल्यास मूळ जाडीचेच आणावेत, कारण अर्ध्या मिलिमीटरचा फरकही चिप व हीटसिंक यांचा संपर्क तोडू शकतो.