उद्घाटनानंतरचे वेळापत्रक

जबलपूरच्या ग्वारीघाटावर सायंकाळी नर्मदेच्या आरतीची तयारी सुरू असते, तेव्हा परिक्रमेला निघालेली मराठी माणसे हमखास भेटतात. त्यांपैकी काही जण घाटाजवळच्या रेल्वेस्थानकाची आवर्जून चौकशी करतात. गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला येणारी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी येथूनच जात असे. बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या प्रारंभी घातलेला तो मार्ग २०१५ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाला. गाडी मंद होती. पण ती उद्याही येणार, याविषयी कोणाला शंका नसे. त्या भरवशावर बाजार भरले, मुले शिकली, सोयरिकी जुळल्या.

छोट्या शहरांच्या विमानसेवेचा विचार करताना मला ही गाडी आठवते. १ मार्च २०२१ रोजी अलायन्स एअरने दिल्ली, जबलपूर आणि बिलासपूर जोडले. मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय जबलपूरला, तर छत्तीसगडचे बिलासपूरला. रेल्वेने जायचे तर कटनीमार्गे वळसा पडतो. वकील, रुग्ण, व्यापारी यांच्या दृष्टीने ही चैन नव्हती, सोय होती.

अलायन्स एअरची स्थापना १९९६ ची. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली, तेव्हा ही कंपनी मात्र सरकारकडेच राहिली. तिचा भर सुमारे सत्तर आसनी एटीआर-७२ विमानांवर आहे. शिमल्यासारख्या आखूड धावपट्टीसाठी एटीआर-४२, तर ईशान्येतील दुर्गम ठिकाणांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेले डॉर्नियर-२२८. पंख्याच्या बळावर उडणारी ही विमाने कमी इंधनात जवळचे पल्ले गाठतात. मात्र ताफा लहान असला की एक विमान दुरुस्तीला गेले तरी दिवसभरात त्याने जोडायची सगळी गावे एकदम तुटतात. प्रवासी दोनदा फसला की तिसऱ्यांदा रेल्वेचेच तिकीट काढतो. आसने रिकामी राहतात आणि ‘मागणी नाही’ असा शेरा पडतो.

हा अनुभव नवा नाही. १९८१ मध्ये ‘वायुदूत’ याच उद्देशाने जन्माला आली. तोट्याखाली दबून ती अखेर इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. पुढे ‘उडान’ योजनेने जुन्या चुकांतून धडा घेतला. निम्म्या आसनांना सवलतीचे भाडे, तूट भरून काढण्यासाठी अनुदान आणि त्याची मुदत तीन वर्षे. २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला-दिल्ली सेवेने आरंभ झाला. पण नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार, पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर सेवा सुरूच झाली नाही. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली आणि त्यांतील केवळ ५४ मार्ग मार्च २०२३ पर्यंत टिकून होते.

जबलपूरच्या डुमना विमानतळावरील नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले. त्याच वर्षी जूनमध्ये, घटलेल्या विमानफेऱ्यांच्या निषेधार्थ शहरातील नागरिकांनी ‘नो फ्लाइंग डे’ पाळला. इमारत वाढली आणि उड्डाणे आटली, हा विरोधाभास एकट्या जबलपूरचा नाही.

सेवेत असताना मीही अशा प्रकल्पांवर टिपणे लिहिली आहेत. त्यांत उद्घाटनाच्या तारखेसाठी रकाना असे. ‘चौथ्या वर्षी काय?’ यासाठी नसे. ती चूक माझीही आहे. अनुदान अनंतकाळ द्यावे, असे माझे म्हणणे नाही. जेथे जलद रेल्वे वा चांगला रस्ता आहे, तेथे ते देऊही नये. पण जेथे पर्याय नाही, तेथे ते एका दिवसात तोडण्याऐवजी टप्प्याटप्प्याने कमी करावे, राज्याने काही आसनांची हमी द्यावी, राखीव विमानाची अट घालावी आणि रद्द झालेल्या फेऱ्यांचा मार्गनिहाय हिशेब दरमहा जाहीर करावा.

आरती संपली की नावाडी शेवटच्या फेरीसाठी हाक देतो. पलीकडच्या काठावरची माणसे त्या हाकेवर विसंबून दिवसाची आखणी करतात. वाहतूक म्हणजे मुळात हा विसंबा. वाहन लाकडी असो की पंखांचे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)