नोकरीची पाळी आणि पदवीचा विषय



बारावी झाली की आपल्यातली कितीतरी मुले नोकरीसाठी रायगडच्या किनाऱ्याकडे जातात. अलिबागजवळ थळला खताचा कारखाना आहे. उरणला न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झाले आणि त्याच्या आसऱ्याने गोदामे, वाहतूक वाढली. पोरगा चार पैसे घरी पाठवू लागतो. मग प्रश्न निघतो : नोकरी सांभाळून पदवी घ्यायची, पण कोणत्या विषयात?

कमवून शिकणे आपल्याला नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, ते 'कमवा आणि शिका' याच तत्त्वावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले आणि नोकरदारांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेचे कॉलेज आज उरण तालुक्यात फुंडे येथेही आहे.

पण विषय निवडताना आपण चुकतो. आमच्या माहितीतला एका सभासदाचा मुलगा गोदामात रात्रपाळी करी. मार्क चांगले म्हणून घरच्यांनी सायन्सला घातला. प्रॅक्टिकलला हजेरी लागते. रात्री जागून सकाळी प्रयोगशाळेत उभे कसे राहणार? हजेरी भरली नाही, वर्ष गेले आणि ऊसबिलातून भरलेली फीही गेली. पोर म्हणाला, "मलाच जमलं नाही." आम्ही म्हणतो, पोर नापास नव्हता, हिशेब चुकला होता.

कालव्याच्या पाण्याची पाळी पाहून आपण लागण करतो. तशीच कामाची पाळी पाहून विषय धरावा. पाळी बदलती असेल तर कॉमर्स किंवा आर्ट्स बरे. हे विषय नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी अभ्यास करूनही घेता येतात. हे विद्यापीठही १९८९ सालचेच. सायन्सच घ्यायचे तर आधी कामाची वेळ पक्की करून घ्यावी.

दुसरे, विषय हातातल्या कामाला जोडून घ्यावा. गोदामात बिले, नोंदी करणाऱ्या पोराला कॉमर्समधला हिशेब दुसऱ्या दिवशीच उपयोगी पडतो. त्यातूनच पुढची बढती मागता येते.

तिसरे, घरबसल्या इंजिनिअर करतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. मान्यतेविना पत्राद्वारे दिलेल्या अशा पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये कडक निकाल दिला आणि अनेकांचे कागद अडचणीत आले. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता त्या अभ्यासक्रमाला, त्या वर्षासाठी आहे का, हे पाहूनच पैसे भरा.

आणि शेवटचे. शेजाऱ्याचा पोरगा काय शिकतो ते विचारण्याआधी आपल्या पोराला विचारा, "बाबा, तुला झोप किती मिळते?" विषयाचे निम्मे उत्तर त्यातच आहे.