खेळाची पेटी आणि उष्णतेचा जमाखर्च

व्हिडिओ गेम पार्लरमधील उभ्या लाकडी पेट्या ऐंशी-नव्वदच्या दशकांत वाढलेल्या पिढीच्या चांगल्याच स्मरणात आहेत. ताइतो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ 1978 साली आणि नामकोचा ‘पॅकमॅन’ 1980 साली जपानमध्ये अवतरला. पुढे 1997 मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन संगणकतज्ज्ञाने ‘मेम’ ही प्रणाली प्रसिद्ध केली आणि जुन्या यंत्रांवरील खेळ साध्या संगणकावर खेळणे शक्य झाले. तेव्हापासून प्लायवूडची पेटी घरीच घडवून तिच्यात संगणक बसविण्याचा छंद जगभर रुजला आहे.

जयपूरचे उपनगर असलेल्या झोटवाडा येथे अशी पेटी उभारायची झाल्यास मात्र पहिला विचार खेळांचा नव्हे, उन्हाळ्याचा करावा लागतो. मे-जूनच्या दुपारी पारा 40 अंश सेल्सिअस ओलांडणे ही तेथील नित्याची बाब. त्यात धुळीच्या वादळांची भर. म्हणूनच संगणकाची निवड आणि त्याचे शीतन हे दोन वेगळे प्रश्न नसून एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत.

‘पॅकमॅन’च्या मूळ यंत्रातील प्रोसेसर सुमारे 3 मेगाहर्ट्‌झ वेगाचा होता. असे खेळ ‘रास्पबेरी पाय 4’ हा तळहाताएवढा संगणकही लीलया चालवितो. नव्वदच्या दशकातील त्रिमितीय खेळांना अधिक बळ लागते. तथापि ‘मेम’ प्रणाली प्रामुख्याने प्रोसेसरच्या एकाच कोअरच्या वेगावर विसंबते. महागड्या ग्राफिक्स कार्डाचा तिला फारसा लाभ होत नाही. अशा वेळी 35 वॅटचा प्रोसेसर असलेला, कार्यालयात वापरलेला छोटा संगणक पुष्कळ खेळांना पुरेसा ठरतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही शिकवण येथे केवळ पैशापुरती मर्यादित नाही.

कारण पेटीत जेवढी वीज जाते, जवळजवळ तेवढीच उष्णता निर्माण होते. ती बाहेर पडली नाही, तर शिल्लक तापमानाच्या रूपाने साचत जाते. छोटा संगणक, सपाट पडदा व ध्वनियंत्रणा मिळून 70 वॅट धरले, तर आतील हवा बाहेरच्यापेक्षा 10 अंशांहून अधिक तापू नये यासाठी सेकंदाला सुमारे 6 लिटर हवा खेळती ठेवावी लागते. 300 वॅटच्या शक्तिशाली संचाला हेच प्रमाण 25 लिटरवर जाते.

‘रास्पबेरी पाय 4’चा प्रोसेसर 80 अंशांना पोहोचला की स्वतःचा वेग कमी करू लागतो. पेटीतील हवा 30 अंशांवर असताना त्याला 50 अंशांची सवड मिळते. तीच हवा 50 अंशांवर गेली की सवड 30 अंशांवर येते. हिवाळ्यात सुरळीत चालणारा खेळ जेठाच्या दुपारी अडखळू लागतो आणि आवाज तुटू लागतो, त्याचे मर्म बहुधा येथेच असते.

सवाई प्रतापसिंहांनी 1799 साली उभारलेल्या हवामहालाचे झरोके वाऱ्याला वाट देतात. पेटीलाही तशीच वाट हवी. तळाशी थंड हवा आत घेणारा 120 मिलिमीटरचा पंखा व माथ्याजवळ गरम हवा बाहेर टाकणारा दुसरा, ही मांडणी उत्तम. खालच्या पंख्यावर धूळ अडविणारी जाळी लावावी आणि तो वरच्यापेक्षा किंचित जोरात फिरवावा. म्हणजे फटींमधून धूळ आत ओढली जात नाही. जाळी मात्र नियमितपणे धुवावी, अन्यथा हवेचा मार्गच खुंटतो. पेटी भिंतीला टेकवून ठेवू नये.

वाळ्याचा किंवा लाकडी भुशाचा कूलर कोरड्या उन्हाळ्यात खोली गार करतो, पण त्याचा दमट झोत थेट पेटीवर सोडणे टाळावे. पावसाळ्यात दमट हवेमुळे त्याचा उपयोगही घटतो.

विजेच्या जोडणीस अर्थिंग असावेच. जुन्या चित्रनळीचा पडदा मोह घालतो. परंतु वीज बंद केल्यावरही तिच्यात घातक दाब उरू शकतो, म्हणून सपाट पडदाच सुरक्षित. बहुतेक जुन्या खेळांवर स्वामित्वहक्क आजही लागू असल्याने ते अधिकृत मार्गानेच मिळवावेत.

मागची फळी कायमची बसविण्यापूर्वी ती तात्पुरती लावून, ऐन दुपारी सर्वांत जड खेळ दोन तास चालवावा आणि प्रोसेसरचे तापमान टिपून घ्यावे. हा छोटासा ताळेबंद जुळला, तर मुलांच्या सुट्ट्या आणि वडीलधाऱ्यांची हौस दोन्ही निर्वेध पार पडतील.