जकात गेली, नाल्यांचे काय?

राजेगाव ग्रामपंचायतीचे गाव. धान्याच्या गाड्यांना जकातनाका आडवा येई तो शहराच्या वेशीवर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली व बालाघाट मध्यप्रदेशात राहून गोंदिया मुंबई राज्यात गेले. मध्यप्रदेशाने १९७६ साली जकात उठवून प्रवेशकर आणला. महाराष्ट्रातील नगरपरिषदांची जकात १९९९ साली गेली. नाक्यावरील खोळंबा टळला, ही सुटका आम्हा घाऊक व्यापाऱ्यांना हवीच होती.

परंतु जकातीचा पैसा रोजच्या रोज नगरपालिकेच्या पेटीत पडे. सफाई, दिवाबत्ती, नाल्या, बगीचा यांस तो हाताशी असे. प्रवेशकर राज्याच्या तिजोरीत जाऊ लागला. २०१७ साली तोही वस्तू व सेवा करात विलीन झाला. आता घरकुले किंवा बाग यांचा ठराव सभेत संमत झाला तरी अनुदानाची वाट पाहावी लागते. (मंजुरी व रोकड यांतील अंतर उधारीचा धंदा करणाऱ्यास निराळे सांगावयास नको!) पालिकेच्या हाती स्वतःचे उत्पन्न उरले ते मुख्यतः मालमत्ताकर, पाणीपट्टी व दुकानभाडे यांचे. म्हणून एखादा व्यापारी बंधू तुंबलेल्या नालीची तक्रार घेऊन आला, की मी त्यास प्रथम गोदामाच्या कराची पावती विचारतो.