जुन्या जीपचे कमानपाटे

माढ्याकडे मळा, सोलापुरांत किंवा पुण्यांत बिऱ्हाड, मळ्यावर चारही चाकांनीं ओढणारी एक जुनी जीप, ती वापरणारा चुलतभाऊ, आणि तिच्या दुरुस्तीचा खर्च सोसणारे शहरांतले आपण, अशी व्यवस्था आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं असेल. मग एके दिवशीं दूरध्वनीवर निरोप येतो : “दादा, गाडीचे पाटे बसलेत. मिस्त्री म्हणतोय, दोन्हीकडे एकेक पाटा वाढवून टाकूं, म्हणजे पुन्हां बघायला नको.” सल्ला ऐकावयास सोपा आणि पैशाला हलका असतो, म्हणून तो बहुधा मान्यहि होतो. माझ्या मतें तो बहुतेक वेळां नाकारावा. कां नाकारावा, आणि त्याच्याऐवजीं काय करवून घ्यावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

कमानपाटा हा शब्द आपण एस्टीच्या प्रवासांत ऐकलेला असतो, तोहि पाटा तुटून गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिल्यावरच. जीपमध्यें ही वस्तु फार जुन्या घराण्यांतून आली. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ पासून, अमेरिकेंतील विलिस कंपनीनें सैन्यासाठीं जी लहान गाडी बांधली, तिच्याच वंशांतील गाड्या स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनी मुंबईंत जुळवूं लागली. आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत खेडोपाडीं दिसूं लागलेली एमएम ५४० ही त्याच कुळांतली. इंजिन बदललें, पेट्रोलच्या जागीं डिझेल आलें; पण पुढें एक व मागें एक असे दोन अखंड आंस, आणि प्रत्येक चाकाजवळ पोलादी पाट्यांची एक जुडी, ही मांडणी तशीच राहिली.

या जुडींतला सर्वांत वरचा पाटा सर्वांत लांब असतो आणि त्याचीं दोन्ही टोकें वळवून त्यांचे डोळे केलेले असतात. त्याखालचे पाटे क्रमानें आंखूड होत जातात. सर्वांच्या मधून एक बोल्ट जातो, आणि इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे दोन बोल्ट सबंध जुडीला आंसाशीं जखडून ठेवतात. एका डोळ्यांतून पक्का खिळा जातो. दुसरा डोळा मात्र शॅकल नांवाच्या झुलत्या कडीला अडकविलेला असतो, कारण ओझ्याखालीं कमान सपाट झाली कीं तिची लांबी वाढते आणि त्या वाढीला कोठें तरी वाट हवी असते.

ओझें झेलणें हें कमानपाट्याचें उघड दिसणारें काम. दुसरें काम फारसें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. आंसाला जागच्या जागीं धरून ठेवण्याचें काम आजच्या अनेक मोटारींत निराळ्या दांड्यांकडे असतें. जुन्या जीपमध्यें तें कमानपाट्यांकडेच आहे. त्यामुळें डोळ्यांतला बुश झिजला, किंवा शॅकलचा खिळा एका बाजूनें खाल्ला गेला, कीं सबंध आंसच किंचित् पुढेंमागें सरकूं लागतो. गाडी सडकेवर सरळ चालेनाशी होते, ब्रेक दाबतांच एकीकडे ओढते, आणि दोष मात्र दिला जातो स्टिअरिंगला. स्टिअरिंगची पेटी उघडून तिच्यावर खर्च झाल्यावरहि गाडी भरकटतच राहते. बुश ही या सबंध व्यवस्थेंतली सर्वांत स्वस्त वस्तु आहे, आणि नेमकी तीच सर्वांत शेवटीं तपासली जाते!

आतां त्या वाढीव पाट्याकडे वळूं. पाट्यांची संख्या वाढविली तर जुडीचा ताठपणा साधारणतः त्याच प्रमाणांत वाढतो. पाट्याची जाडी वाढविली तर हिशेब निराळा आहे : ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. सहा मिलिमीटर जाडीच्या पाट्याच्या जागीं सात मिलिमीटरचा घातला तर डोळ्यांना फरक एका मिलिमीटरचा दिसतो, पण त्या पाट्याचा ताठपणा दीडपटीहून अधिक झालेला असतो. मालमोटारीच्या मोडींतून निघालेला जाडजूड पाटा ‘मजबूत आहे’ म्हणून जीपच्या जुडींत सारला, तर तो आपल्या वांट्याहून कितीतरी अधिक ओझें एकटाच ओढून घेतो. शिवाय दोन पाटे सारखेच वांकले तर जाड पाट्याच्या पृष्ठभागावर ताण अधिक पडतो. म्हणजे मजबुतीसाठीं घातलेला पाटाच पुढें तडकण्याचा संभव असतो. तो टिकलाच, तर खड्ड्याचा जो धक्का पाट्यानें गिळावयाचा, तो सांगाड्याकडे जातो, आणि पाटे जेथें टांगलेले असतात त्या बैठकीजवळ तडा जातो. पाटा बदलणें दुपारभराचें काम आहे. सांगाड्याची चीर बुजविणें तसें नाहीं.

परंतु याहून मोठी हानि आणखी एक आहे. चारही चाकांना शक्ति मिळते म्हणून अशी गाडी कोठेंच अडत नाहीं, हा समज अर्धाच खरा आहे. गिअरच्या पेटीमागें असलेली दुसरी पेटी पुढच्या व मागच्या आंसांना शक्ति पोंचविते. पण प्रत्येक आंसाच्या मध्यावर डिफरेन्शियल असतो, आणि तो साध्या बनावटीचा असला म्हणजे दोहोंपैकीं ज्या चाकाला अडथळा कमी, तेंच तो फिरवीत सुटतो. ओढ्यांत उतरतांना पुढचें डावें आणि मागचें उजवें चाक अधांतरीं राहिलें, तर तीं दोन्ही हवेंत गरगर फिरतात, जमिनीवरचीं दोन्ही स्वस्थ उभीं राहतात, आणि चार चाकांची ही बहादूर गाडी एका बैलगाडीपुढें हार खाते. लवचीक कमानपाटा चाकाला खालीं उतरूं देतो आणि जमीन धरूं देतो. ताठ पाटा त्याला तसेंच वर उचलून ठेवतो. पावसाळ्याच्या रात्रीं काळ्या रानांतून एखाद्या आजारी माणसाला डांबरी सडकेपर्यंत आणावयाचें असतें, तेव्हां या फरकाचा अर्थ काय होतो हें मळ्यावर राहणाऱ्यांना मीं सांगण्याची गरज नाहीं.

माढा तालुक्यांत हा प्रश्न वारंवार येतो याचें कारण तिथल्या मातींत आणि पिकांतहि आहे. काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसांत चाकाला लडबडून बसते. याच तालुक्यांत भीमेवर उजनीचें धरण १९८० मध्यें पुरें झालें, कालवे आले, त्यांच्यामागून ऊंस आला. आणि ऊंसाच्या हंगामांत भरलेल्या ट्रॅक्टरांनीं शेतरस्त्यांवर पाडलेल्या खोल चाकोऱ्यांत जीपचें एक चाक वर आणि एक खालीं अशीच चाल होते. अशा वाटेला ताठ गाडी हवी असें वाटणें स्वाभाविक आहे, पण तें बरोबर नाहीं. याच तालुक्यांतील कुर्डुवाडीहून, म्हणजे तेव्हांच्या बार्शी रोड स्थानकावरून, १८९७ मध्यें बार्शीपर्यंत अडीच फुटी रेल्वे सुरू झाली. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरानें तेथें यार्डाला अवघे तीस पौंड वजनाचे हलके रूळ वापरले, आणि इंजिन असो वा डबा, प्रत्येक आंसावर पांच टनांचीच मर्यादा ठेवून भार सारखा वांटून दिला. वाट दुबळी असेल तर भार वांटावा, ही त्याची युक्ति होती. ती लहान गाडी आतां राहिलेली नाहीं, पण चारही चाकांवर भार सारखा राहावा ही अपेक्षा जीपकडूनहि ठेवण्यासारखी आहे.

तेव्हां निरोप आल्यावर पहिला प्रश्न विचारावा : पाटे खरोखर बसले आहेत काय? गाडी रिकामी करून सपाट फरशीवर उभी करावी, चाकांतील हवा सारखी करावी, आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचें अंतर मोजून घ्यावें. डाव्या-उजव्या मापांत ठळक अंतर असेल, किंवा आंस आणि सांगाडा यांच्यामधील रबरी ठोकळ्यावर आदळल्याच्या ताज्या खुणा असतील, तर पाट्यांत दोष आहे असें धरावें. नंतर विजेरी घेऊन एकेक पाटा पाहावा. आडवी गंजाची रेघ ही बहुधा चीर असते. मधल्या बोल्टच्या भोकाजवळ विशेष लक्ष द्यावें. यू-बोल्ट सैल राहिले कीं पाटा तेथेंच वांकूं लागतो आणि भोकांतूनच तुटतो. शेवटीं डोळ्याजवळ पहार घालून हलकेंच उचकावें. खिळा डोळ्यांत हललेला दिसला, तर बुश संपला. शॉक-ॲब्सॉर्बर, ज्यांना कारागीर शॉकअप म्हणतात, ते ओझें उचलीत नाहींत, पाट्यांची उसळी तेवढी शमवितात. त्यांतून तेल झिरपत असेल तर तेहि बदलण्याच्या यादींत घालावे, पण बसलेल्या गाडीचा दोष त्यांच्यावर टाकूं नये.

पाटे खरोखर गेले असतील तर जुडी नवी घ्यावी कीं जुनीलाच कमान द्यावी? चांगल्या कमानपाटेवाल्याच्या दुकानीं पाटा न तापवितां ठोकून त्याची कमान पुन्हां उभी करतात. तें कांहीं काळ टिकतें, आणि हात राखून खर्च करावयाचा असेल तर मी त्याला नांवें ठेवणार नाहीं. मात्र भट्टींत लाल करून ठोकलेला पाटा घेऊं नये. त्या आंचेनें पोलादाचें पाणी उतरतें, आणि पाणी पुन्हां नीट दिलें नाहीं तर कमान लवकरच बसते किंवा पाटा कांचेसारखा मोडतो. नवी जुडी घेतल्यास ती कारखान्यानें त्याच गाडीसाठीं ठरविलेल्या मापाची असावी, आणि एका आंसावरच्या दोन्ही बाजू एकाच वेळीं बदलाव्या. एकीकडे नवी व दुसरीकडे जुनी ही काटकसर गाडीला कायमची तिरपी करते. गाडी उंच दिसावी म्हणून अधिक कमानीचे पाटे घालण्याची जी हौस अलीकडे वाढली आहे, तिच्यानें पंख्याच्या दांड्याचे, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टचे, सांधे तिरपे चालून लवकर झिजतात आणि ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात. शिवाय खाजगी गाडीला पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढविण्यासाठीं तपासणीस जावें लागतें, हेंहि विसरूं नये.

काम चालू असतां घरच्या कोणीं तरी जवळ उभें राहावें. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रींच तेल सोडलेलें असावें. जीं चाकें जमिनीवर राहणार त्यांना दगडांची उटी लावावी, गाडी सांगाड्याखालीं जॅक लावून उचलावी आणि भक्कम लोखंडी तिवयांवर टेकवावी. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कोणालाहि जाऊं देऊं नये. आंसाला दुसऱ्या जॅकचा आधार हवाच, नाहीं तर तो ब्रेकच्या नळीला लोंबकळतो. कांहीं जुड्यांत मधला बोल्ट नेमका मध्यावर नसतो, म्हणून पुढचें टोक कोणतें हें जुनी काढण्यापूर्वींच खडूनें लिहून ठेवावें. नवी जुडी बसवितांना त्या बोल्टाचें डोकें आंसाच्या बैठकींतील खळग्यांत बरोबर बसलें पाहिजे. यू-बोल्ट जुने वापरूं नयेत, ते एकदां ताणलेले असतात. नवे आणून त्यांच्या चारही चाक्या कोनाकोनीं, थोड्या थोड्या आंवळाव्या.

बुश रबरी असतील तर एक गोष्ट मुद्दाम पाहावी, कारण घाईंत तीच राहून जाते. डोळ्यांतले खिळे प्रथम नुसते हातानें घट्ट करावे, गाडी खालीं उतरवावी, तिचें वजन चाकांवर येऊं द्यावें, आणि मगच ते पुरते आंवळावे. टांगलेल्या स्थितींतच ते आंवळले तर गाडी उतरतांच रबराला पीळ बसतो आणि नवा बुश लवकरच फाटतो. धातूचे बुश असतील तर तेथें ग्रीस जातें कीं नाहीं तें पाहावें. भोंक मातीनें बुजलेलें असलें तर वरून कितीहि ग्रीस मारलें तरी आंत जात नाहीं. त्यानंतर सुमारें पांचशें किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हां एकदां आंवळून घ्यावे.

काढलेल्या पाट्यांपैकीं डोळ्यांचा एखादा बिनचिरेचा पाटा असेल तर तो अडीअडचणीसाठीं छपरांत ठेवावा. उरलेले लोहार आनंदानें नेईल. कोयता आणि विळा यांना कमानपाट्याचें पोलाद तो पसंत करतो.